हृदयाला छिद्र आणि खेळाचा तास

‘हृदयाला छिद्र आहे’ असे कळले की अनेक शाळांत त्या मुलाला खेळाच्या तासाला बाकावर बसवतात. यामागची काळजी खरी असली, तरी सरसकट बंदी बहुतेकदा अनावश्यक असते.

जन्मजात हृदयदोष (गर्भात हृदय घडतानाच रचनेत राहिलेली उणीव) सुमारे 100 नवजात बाळांपैकी एकात आढळतो. हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यातील छिद्र हा त्याचा नेहमीचा प्रकार. लगतच्या दोन टाक्यांमधली भिंत गळकी असेल, तर पंपाला तेच पाणी पुन्हा चढवावे लागते. हृदयाचेही तसेच काम वाढते. लहान छिद्र अनेकदा आपोआप बुजते. मोठे छिद्र शस्त्रक्रियेने किंवा रक्तवाहिनीतून नळी नेऊन बंद करता येते.

त्यानंतर बहुतेक मुले इतरांसारखी खेळू शकतात. काही दोषांत मात्र स्पर्धात्मक खेळ टाळावे लागतात. म्हणून शाळेने हृदयरोगतज्ज्ञाची लेखी सूचना घ्यावी आणि दमल्यावर परवानगी न मागता थांबण्याची मुभा मुलाला द्यावी. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा ओठ नेहमीपेक्षा निळे दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास खेळ थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

असा दोष शाळेतही लक्षात येऊ शकतो: 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शालेय तपासणीत हृदयदोषांचाही समावेश आहे.