किती कोयते?

दसरा जवळ आला की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या गावांत मुकादमाच्या तोंडी एक प्रश्न असतो, "किती कोयते?" उत्तर येतं, "धा कोयते." घरातली लोखंडी पाती कुणी मोजत नाही. बीडच्या ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी मिळून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. उचल जोडीला मिळते आणि हिशेबही जोडीचाच होतो. जोडीदार नसलेला गडी किंवा एकटी बाई टोळीत आली, तर तिला म्हणतात अर्धा कोयता.

हे बोलणं स्पॅनिशमध्ये न्यायचं ठरवलं तर काय होईल? स्पॅनिश मुद्दाम निवडली. क्यूबामुळे त्या भाषेत उसाचा सगळा संसार आहे. कोयत्यासारख्या हत्याराला तिथं माचेते म्हणतात, तोडणाऱ्याला माचेतेरो आणि गाळपाच्या हंगामाला साफ्रा. 1970 च्या साफ्रात एक कोटी टन साखर काढण्याचं लक्ष्य क्यूबानं ठेवलं होतं, निघाली सुमारे 85 लाख टन. एवढा ऊस तोडलेली भाषा हाताशी असल्यावर अडचण यायला नको, असं वाटतं. पण "अर्धा माचेते" म्हटलं की हवानातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मोडलेलं पातं येईल. माचेतेरो म्हणावं तर तो एकच माणूस, त्याची बायको त्या शब्दात मावत नाही.

एका शब्दाचे अनेक अर्थ असणं हा भाषेचा दोष नव्हे. शब्द जितका रोजच्या वापरातला, तितके त्याचे अर्थ जास्त, हे जॉर्ज झिफ या अभ्यासकानं 1945 मध्येच दाखवलं. आणि प्रत्येक भाषा हे अर्थ आपापल्या जागी कापते. इंग्रजीतलं 'नो' (know) हे साधं क्रियापद घ्या. पत्ता माहीत असतो, पोहता येतं, माणसाला ओळखतो, अशी मराठी त्याची तीन ठिकाणी वाटणी करते. स्पॅनिश दोनच वाटे करते : पत्ता आणि पोहणं साबेरकडे, माणूस कोनोसेरकडे. म्हणजे माणूस ओळखणं ही वेगळी गोष्ट आहे, यावर बीड आणि माद्रिद यांचं एकमत आहे. इंग्रजीला तो फरक करावासा वाटत नाही.

मग नेमका अर्थ ठरतो कसा? आपल्याकडचं जुनं उदाहरण सैंधव या शब्दाचं आहे. सैंधव म्हणजे सिंधचं मीठ आणि सिंधचा घोडाही. जेवताना "सैंधव आण" म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. भर्तृहरीनं वाक्यपदीयात अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. तीत सोबतचा शब्द आहे, विरोध आहे, प्रकरण म्हणजे संदर्भ आहे, आणि देश व काळही आहेत. यंत्राकडून भाषांतर करवण्याची कल्पना मांडताना अमेरिकी गणिती वॉरन वीव्हर 1949 मध्ये याच वाटेवर आला. पुस्तकाच्या पानावर जाड कागद ठेवा आणि त्याला एक शब्द दिसेल एवढंच भोक पाडा, असं तो सांगतो. अर्थ कळणार नाही. भोक मोठं करत जा, आजूबाजूचे शब्द दिसू लागले की कधीतरी कळेल.

आपल्या डोक्यात तर हे काम क्षणार्धात होतं. डेव्हिड स्विनी यांनी 1979 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्यांच्या कानावर 'बग' हा इंग्रजी शब्द पडला, तेव्हा किडा आणि चोरून ऐकण्याचं यंत्र असे दोन्ही अर्थ मनात जागे झाले, वाक्याचा रोख स्पष्ट असतानाही. तीन अक्षरं पुढं सरकेपर्यंत नको असलेला अर्थ विझलेला होता.

संगणकाला हे उशिरा जमलं. 2013 च्या सुमाराला गाजलेल्या पद्धतीत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच माळ मिळायची. कोयत्याच्या पातं आणि जोडपं या दोन्ही अर्थांची त्यात सरमिसळच झाली असती. 2017 मध्ये आलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेत वाक्यातला प्रत्येक शब्द इतर शब्दांकडे पाहून आपली माळ बदलून घेतो. वीव्हरचं भोक आता परिच्छेदाहून कितीतरी मोठं झालं आहे.

तरी माझी चिंता संपत नाही. यंत्र शिकतं ते लिहिलेल्या मजकुरातून. अलीकडच्या मराठी बातम्यांत कोयत्याच्या सोबतीला कोण असतं? पुण्याची 'कोयता गँग', दहशत, पोलीस, अटक. फडातला कोयता लेखात, अहवालात येतो, पण मुख्यतः तो बोलण्यात जगतो. थळात म्हणजे मजुरांच्या तळावर, कोपीत म्हणजे त्यांच्या झोपडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झालेलं ते बोलणं फारसं कुणी टिपून ठेवलेलं नाही. सोबतीवरून अर्थ ओळखायचा आणि सोबतच चुकीची मिळाली, तर उत्तर चुकणारच.

यात माणसांचं नुकसान होऊ शकतं. ऊसतोड बाई डॉक्टरसमोर "पिशवी काढली" म्हणते, तेव्हा ती गर्भाशयाबद्दल बोलत असते. बीडमधल्या या शस्त्रक्रियांच्या बातम्यांनंतर 2019 मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अशा बाईच्या जबानीचा शब्दाला शब्द ठेवून अनुवाद केला, तर कागदावर एका बाईनं सामानातून पिशवी बाहेर काढली एवढंच उरेल. "कारखान्याला गेलते" या शब्दांतही अख्खं स्थलांतर आहे, पोरांच्या बुडालेल्या शाळेसकट.

अर्ध्या कोयत्याचं स्पॅनिश मी पुष्कळ शोधलं. जोडीला तिथं पारेखा म्हणतात, म्हणून ऊस तोडणारी पारेखा असं म्हणता येईल, आणि पूर्ण कोयत्याचं काम तेवढ्यावर भागेल. अर्ध्याचं भागत नाही. एकटी राहिलेली, तरीही जोडीच्या मापानंच मोजली जाणारी बाई, एवढं सगळं तिथं लिहावं लागतं. पाटोद्यात मुकादम ते दोन शब्दांत वहीत उतरवतो.