शेततळ्यात आणि परसात बेडूक टिकवायचे कसे?

मृगाच्या दोन-तीन जोरदार सरी झाल्या, की बांधाकडेच्या डबक्यांतून रात्रभर डराव डराव ऐकू येते. ही मंडळी उन्हाळ्यात कुठे लांब गेलेली नसतात. काही जमिनीत, बांधाच्या भेगांत किंवा दगडांखाली दडून असतात, तर काही विहिरीच्या कपारीत. अंडी घालायला साचलेले पाणी लागते आणि पहिल्या पावसाचे पाणी किती दिवस टिकेल याचा नेम नसतो, म्हणून एवढी घाई. ओरडतात ते फक्त नर.

ओळखायचे कसे?

पावसाच्या सुरुवातीला नर पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याशी निळे फुगे दिसतात, तो मोठा बेडूक म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. तो कीटकांबरोबर खेकडे, उंदराची पिल्ले आणि लहान बेडूकही गिळतो. विहिरीत डोळे वर काढून तरंगणारा आणि चाहूल लागताच पाण्यावरून टपटप उड्या मारत जाणारा वेगळा. तो बाराही महिने पाण्याजवळच राहतो. भातखाचरात पायाखालून उडतात ते छोटे करडे बेडूक आणखी वेगळे. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसतो तो झाडावरचा बेडूक. त्याच्या बोटांच्या टोकांना चकत्या असतात.

खरखरीत, कोरड्या, फोडाफोडांच्या कातडीचा, उड्या कमी आणि सरपटणे जास्त असा जो असतो तो भेक. परसातला खरा रहिवासी हाच. त्याला पाणी फक्त अंडी घालण्यापुरते लागते.

अंड्यांवरूनही ओळख पटते. भेकाची अंडी काळ्या मण्यांच्या माळेसारखी लांब दोऱ्यात असतात. झाडावरचा बेडूक पाण्यावर आलेल्या फांदीला किंवा टाकीच्या भिंतीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटवतो. हा गोळा घाण समजून पुष्कळदा खरवडून टाकला जातो. तो राहू द्यावा.

कीड किती खातात?

बेडूक मित्रकीड आणि शत्रूकीड असा भेद करत नाही. जे हलते आणि तोंडात मावते ते तो खातो. नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, वाळवी, जमिनीवर फिरणाऱ्या अळ्या खातो, तसेच कोळी आणि गांडुळेही खातो. म्हणून ‘बेडूक सोडा, फवारणी बंद करा’ असा सल्ला आम्ही देणार नाही. फळाच्या किंवा खोडाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत तो पोहोचतच नाही. पण रात्री जमिनीवर हिंडणाऱ्या किडींवर दुसरे फारसे कोणी पहारा देत नाही. ते काम बेडूक आणि भेक फुकट करतात.

मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. भेक पेटीच्या दाराशी बसून माश्या टिपतो. पेटी फूट-दीड फूट उंच घोडीवर ठेवली की प्रश्न मिटतो.

प्लॅस्टिक अस्तराचे शेततळे हा सापळा

साध्या मातीच्या तळ्याला बेडकांची अडचण नाही. अडचण आहे ती अस्तराच्या तळ्याची. मोठे पाणी दिसते म्हणून बेडूक आणि भेक उतरतात, अंडीही घालतात, पण ओल्या, शेवाळलेल्या फिल्मवर त्यांचे पाय टिकत नाहीत. उतार तीव्र, पकडायला काही नाही. पोहून पोहून दमतात आणि मरतात. पिल्लांचे हाल तर आणखी वाईट. पाय फुटून शेपूट गळू लागली, की पिल्लू फुफ्फुसाने श्वास घेऊ लागते. तेव्हा त्याला बाहेर बसायला जागा लागते. ती न मिळाल्यास ते पाण्यातच बुडून मरते. पुढे हीच कुजकी घाण पंपाच्या फूटव्हॉल्व्हपाशी आणि ठिबकच्या फिल्टरमध्ये येते, म्हणजे नुकसान आपलेही आहेच.

उपाय स्वस्त आहे. जुन्या शेडनेटच्या हात-दीड हात रुंदीच्या पट्ट्या, शिवलेली गोणपाटे किंवा जाड काथ्याचे दोर तळ्याच्या चारही कोपऱ्यांत सोडावेत. प्राणी कडेकडेने पोहत कोपऱ्यात येतात, म्हणून कोपरेच महत्त्वाचे. पट्टी थेट तळापर्यंत गेली पाहिजे, नाहीतर जानेवारीत पाणी खाली गेल्यावर ती अधांतरी लोंबत राहते. खुंटी फिल्मच्या बाहेर, बांधावर ठोकावी. दगड, बांबू, लाकडी फळी आत टाकू नये, फिल्म फाटते. खार, सरडे, मुंगसाची पिल्ले यांनाही याच वाटेने बाहेर पडता येते. माणसाचे वजन मात्र ती पेलणार नाही. त्यासाठी गाठी मारलेला जाड दोर, हवा भरलेली ट्यूब आणि तळ्याभोवती कुंपण स्वतंत्रपणे हवेच.

शक्य असल्यास तळ्याच्या सांडव्याखाली, घरापासून लांब, एक उथळ खड्डा राखावा. दीड-दोन फूट खोल, एका बाजूने सावकाश चढत जाणारा, सहा-सात आठवडे पाणी धरणारा. बहुतेक पिल्ले तेवढ्यात बाहेर पडतात. त्यात मासे सोडू नयेत. डासांसाठी सोडलेले गंबुसिया मासे बेडकांची अंडी-पिल्लेही संपवतात.

फवारणीच्या वेळी

बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीही कातडीतूनच शोषतो. पाण्यात मिसळलेले औषध त्याच वाटेने अंगात जाते. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधे माशांना घातक असतात आणि बेडकाच्या पिल्लांनाही. काही तणनाशकांत पानावर औषध पसरावे म्हणून घातलेला साबणासारखा घटकही पिल्लांना मारतो. पंप तळ्यात, ओढ्यात किंवा विहिरीच्या पाळीवर धुऊ नये. पाण्याकडेची दोन-तीन मीटरची पट्टी बिनफवारणीची सोडावी. भात खाचराचे पाणी काढायचे असेल, तर एका कोपऱ्यात चर राखावा. पिल्ले तिथे गोळा होतात.

एक पेच आहे. मधमाश्यांसाठी संध्याकाळी फवारा असे आपण सांगतो आणि बेडूक नेमके तेव्हाच बाहेर पडतात. आमच्या मते संध्याकाळची वेळ बदलू नये. काठाची पट्टी सोडणे एवढे नक्की पाळावे.

परसात

भेकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही. त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असते खरे, पण ते तोंडात किंवा डोळ्यांत गेले तरच त्रास होतो. हात धुवावेत. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि फेस गाळू लागला, तर वाहत्या पाण्याने तोंड धुवावे. पाणी घशाकडे जाऊ देऊ नये. झटके आले तर ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्यावे.

‘बेडूक आले की साप येतात’ ही भीती अगदीच खोटी नाही. दिवड बेडकांवर जगतो, पण तो बिनविषारी आहे. नागही बेडूक खातो. मात्र सापाला घराकडे ओढतात ते मुख्यतः उंदीर. कुंडी, हौद, पालापाचोळा आणि लाकडांचा ढीग दारापासून दूर ठेवावा. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्यावी.

पहिल्या पावसात बेडूक पकडून खाण्या-विकण्याचे प्रकार अजून घडतात. गोव्यात त्याला ‘जम्पिंग चिकन’ म्हणतात आणि वनखाते त्यासाठी गस्त घालते. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. बुलफ्रॉगला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. रात्री गोणी घेऊन बेडूक पकडणारे शिवारात दिसले, तर जवळच्या वनरक्षकाला कळवावे.