डबक्यातला जीव आणि कॅल्शियमची गोळी

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात, दूध आठवतं, नाचणी आठवते. आज मात्र सुरुवात करू या हाडंच नसलेल्या एका जीवापासून.

गेल्या पावसाळ्यात आम्ही कोथरूडच्या म्हातोबा टेकडीच्या पायथ्याशी साचलेलं डबक्यातलं पाणी बाटलीत भरून आणलं. त्यात वाळक्या गवताच्या चार काड्या टाकल्या आणि आठवडाभर ठेवलं. वासाने घरच्यांनी नाकं मुरडली! पण सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला, तर चपलेच्या तळव्याच्या आकाराचे पॅरामेशियम पळताना दिसले. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी. ना डोळे, ना मेंदू. तरी काडीवर आपटला की झटकन मागे सरतो, जरा वळतो आणि दुसऱ्या वाटेने निघतो.

मागे फिर, असं त्याला कोण सांगतं? कॅल्शियम. त्याच्या अंगभर बारीक केस असतात, होडीच्या वल्ह्यांसारखे. पुढून धक्का बसला की पेशीच्या आवरणातली इवली दारं उघडतात, बाहेरच्या पाण्यातलं कॅल्शियम आत शिरतं आणि वल्ही उलटी चालू लागतात. मग पेशी ते कॅल्शियम उपसून बाहेर टाकते आणि वल्ही पुन्हा सुलट होतात.

हे उपसणं फार जुनं आहे. बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर धरतो ना, तशीच भीती पेशीलाही असते. पेशीचा शक्तीचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो. कॅल्शियम वाढलं की ते फॉस्फेटला धरून घट्ट खडे बनवतं. आपली हाडं अशाच पदार्थाची आहेत. हाडात तो हवाच, पण पेशीच्या आत झाला तर पेशी मरते. म्हणून अगदी जिवाणूसुद्धा कॅल्शियम बाहेर फेकत राहतात. आपल्या पेशीतलं मोकळं कॅल्शियम रक्तातल्यापेक्षा सुमारे १० हजार पटींनी कमी असतं. अंगण इतकं लख्ख झाडलेलं असलं की एक पान पडलं तरी दिसतं. शास्त्रज्ञ मानतात की असंच झालं: केर काढता काढता पेशीला निरोप पाठवायची सोय सापडली.

हा निरोप वाचणारं एक प्रथिन आहे, कॅल्मोड्युलिन. १४८ मण्यांची माळच म्हणा. पॅरामेशियमची माळ आणि आपली माळ शेजारी ठेवली तर बहुतेक मणी तेच! त्याची आणि आपली वाट वेगळी होऊन १०० कोटींहून जास्त वर्षं झाली, तरी ही माळ फारशी बदलली नाही.

आपणही एका पेशीपासूनच सुरू होतो. बीज फळतं तेव्हा त्या एका पेशीतून कॅल्शियमची लाट जाते आणि गर्भ वाढायला लागतो. बाळंतपणाच्या कळाही गर्भाशयाच्या स्नायूंत कॅल्शियम शिरल्यानेच येतात. दिवस भरायच्या आधी कळा लागल्या तर डॉक्टर कधी कधी निफेडिपिन देतात. ते औषध कॅल्शियमची दारं अडवतं.

म्हणून रक्तातलं कॅल्शियम शरीर कमी पडू देत नाही. गळ्यातल्या चार बारीक ग्रंथी त्यावर पहारा ठेवतात. जेवणातून मिळालं नाही तर हाडांतून काढतात. पोटात बाळ असताना मागणी आणखी वाढते.

आमच्यातल्या एकीने गरोदरपणात रक्तवाढीची आणि कॅल्शियमची गोळी रोज एकदमच घेतली. कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. सरकारी सूचना अशी आहे: चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज. दोन्ही एका वेळी नाहीत, एक सकाळच्या जेवणाबरोबर, एक रात्रीच्या. रक्तवाढीची गोळी जेवणानंतर निदान दोन तासांनी. आशाताईंकडून गोळ्या घेताना या वेळा पाकिटावर लिहून घ्या.