भरतीच्या रेषेपलीकडचे अभयारण्य

वसईच्या खाडीकाठी तिवराचे पान उलटून पाहिले, तर मागच्या बाजूला मिठाचे बारीक कण चिकटलेले दिसतात. मुळांनी खारे पाणी शोषायचे आणि जास्तीचे मीठ पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकायचे, ही या झाडाची रीत. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून त्याची श्वसनमुळे जमिनीतून खिळ्यांसारखी वर येतात आणि ओहोटीला हवा घेतात. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे बी झाडावरच रुजते आणि लांबट रोप तयार झाल्यावरच चिखलात सुटते. या मुळांच्या गर्दीत निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात, बोई आणि जिताड्याची पिल्ले मोठ्या माशांपासून लपून वाढतात. एवढे सारे जीवन जपायचे, तर त्याची आखणी वर्षा-दोन वर्षांची असून चालत नाही. निदान पन्नास-शंभर वर्षांचा विचार करावा लागतो.

वसई-विरारचा भूगोल या विचाराला फार सोयीचा आहे. उल्हास नदी ठाण्याजवळ दुभंगते. तिचा एक फाटा ठाणे खाडीला मिळतो, तर मुख्य प्रवाह पश्चिमेला वळून वसईच्या खाडीतून समुद्राला जातो. उत्तरेला वैतरणेचे मुख आणि त्याच्या तोंडाशी अर्नाळ्याचे बेट. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. जंगल, ओढे, खाडी, मिठागरे आणि पुळण, सारे एका तालुक्यात सामावलेले.

यातले डोंगर सुरक्षित झाले. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र ८५.७० चौरस किलोमीटर आहे. ठाणे खाडीलाही २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याच्या १६.९०५ चौरस किलोमीटरांपैकी निम्म्याहून थोडे अधिक क्षेत्र कांदळवनाचे आणि बाकीचे पाण्याचे. २०२२ मध्ये ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. वसईची खाडी मात्र या दोन्ही अभयारण्यांच्या सीमांबाहेर राहिली. पाणी आणि पाखरे सीमा जाणत नाहीत, ही किनारी अभयारण्याच्या नियोजनातली पहिली अडचण.

ठाणे खाडीतल्या रोहितांकडे पाहिले की ही अडचण नीट कळते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात ते चरतात. धाकटा रोहित मुख्यतः सूक्ष्म नील-हरित शैवाल गाळून खातो, तर थोरला रोहित लहान कवचधारी जीव आणि किडेही टिपतो. भरती चढली की हा चिखल पाण्याखाली जातो. मग पाखरांना उथळ, निवांत जागा लागते. ती त्यांना अभयारण्याच्या बाहेर, आसपासच्या पाणथळींत मिळते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१८ पासून या खाडीचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला आणि २०२२ मध्ये सहा रोहितांना मागोवा घेणारी उपकरणे बसवली. ओहोटीची खानावळ राखली आणि भरतीचा निवारा बुजवला, तर अभयारण्य कागदावर पूर्ण असूनही पाखरांसाठी अर्धेच उरते. तुतवार, शेकाटे, चिखले यांचीही हीच गरज आहे. म्हणूनच असा निवारा देऊ शकणाऱ्या वसई-नायगाव पट्ट्यातल्या मिठागरांकडे पडीक जमीन म्हणून पाहणे चुकीचे ठरते.

दुसरी अडचण समुद्राची. जगभर समुद्राची सरासरी पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटरने चढत होती. कांदळवने मुळांत गाळ अडवून स्वतःची जमीन उंच करतात, पण त्यांच्या या शक्तीला मर्यादा आहे. पातळी वर्षाला सहा-सात मिलिमीटरने चढू लागली, तर जमिनीची वाढ मागे पडते, असे प्राचीन गाळाच्या अभ्यासातून दिसले आहे. तेव्हा कांदळवनाला एकच वाट उरते: जमिनीच्या दिशेने सरकणे. मागे भिंत, रस्ता किंवा इमारत असेल, तर समुद्र आणि काँक्रीट यांच्यामध्ये ते चेपले जाते.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील ब्लॅकवॉटर वन्यजीव आश्रयस्थानाने हा धडा महागात शिकला. १९३८ पासून तिथे दोन हजार हेक्टरांहून अधिक दलदल पाण्याखाली गेली. २०१३ मध्ये तिथे २१०० सालापर्यंतची आखणी मांडली गेली. आहे ती दलदल टिकवण्याबरोबरच ती उद्या जिथे सरकेल, ती जमीन आजच राखायची, हे तिचे मुख्य सूत्र. अमेरिकेच्या १९९७ च्या कायद्यानुसार प्रत्येक आश्रयस्थानाची योजना दर पंधरा वर्षांनी नव्याने तपासावी लागते.

आपल्याकडे कायद्याचा आधार कमी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरांत बांधकाम करण्यावर बंदी घातली. २०१८ च्या अंतिम निकालात ही भूमिका कायम राहिली. राज्याच्या वनविभागात २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१७ पासून राबवलेल्या योजनेत किनाऱ्यावरच्या कुटुंबांना खेकडापालन, कालवपालन यांसारख्या व्यवसायांसाठी साहाय्य मिळू लागले. हे महत्त्वाचे आहे, कारण राखणदाराचे पोट राखणीशी बांधलेले असेल तरच राखण टिकते. पण हे संरक्षण आज उभ्या असलेल्या झाडांभोवती फिरते. ती झाडे उद्या जिथे उभी राहतील, त्या मोकळ्या खार जमिनीला तसे कवच नाही.

वसईकरांना दूरचा विचार नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीने विहिरींचे पाणी आणि हिरवा पट्टा यांसाठी लढा दिला. पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमधली बावखले, म्हणजे तळी, पावसाचे गोडे पाणी धरतात, ते जमिनीत मुरवतात आणि खाऱ्या पाण्याला थोपवायला हातभार लावतात. बावखल बुजले की बागेबरोबर गोड्या-खाऱ्या पाण्याचा समतोलही बिघडतो. खाडीतल्या जीवांनाही हाच समतोल लागतो.

वसई-विरार उपप्रदेशाचा विकास आराखडा २००१ ते २०२१ या काळासाठी होता. यापुढच्या आराखड्यात दोन रेषा असायला हव्यात: एक आजच्या भरतीची आणि दुसरी शतकाअखेरीच्या भरतीची. दोन्हींच्या मधली जमीन, म्हणजे मिठागरे, खार आणि बावखले, यांवर आज इमारतींची परवानगी दिली, तर पुढे कितीही मोठे अभयारण्य घोषित केले तरी त्याला सरकायला जागा उरणार नाही. ती जमीन आता मोकळी ठेवणे हा या किनाऱ्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि दर वर्षी तो महाग होत जाणार आहे.