सोनाराचा काटा आणि वायसर

दादरा म्हटले की आमच्या बडोद्याच्या जुन्या मंडळींना प्रथम सहा मात्रांचा ताल आठवतो, आणि त्यामागोमाग फैयाज खाँसाहेबांचे नाव निघते. त्यात गैर काही नाही. परंतु दुसरा एक दादरा वापी स्टेशनवरून सेलवासला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि मराठी घरांना त्याचाही विसर पडू नये. पेशव्यांनी १७७९ साली पोर्तुगीजांशी तह केला, त्याच्या पोटी १७८३ साली नगरहवेली त्यांच्याकडे गेली आणि पाठोपाठ १७८५ साली दादरा. ते परत यावयास १९५४ साल उजाडले. २२ जुलैला दादरा मोकळा झाला, २ ऑगस्टला सेलवास. सेलवासच्या त्या मोहिमेत सुधीर फडके यांच्यासारखा गायक-संगीतकार सामील होता. तेव्हा ताल आणि गाव यांचा संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला आहे असे कोणी समजू नये! पुढे ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण-दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशात मोडतो.

असो. आज लिहावयाचे आहे ते या इतिहासाविषयी नव्हे, तर वायसराविषयी.

नळ गळू लागला की ‘वायसर गेला’ असे आपण म्हणतो. तो रबराचा किंवा चामड्याचा. यंत्रकामातला वायसर म्हणजे धातूची चपटी, मध्ये भोक असलेली चकती. स्क्रूच्या डोक्याखाली किंवा दोन भागांच्या मध्ये ती घालतात. मोठ्या यंत्रात ती रुपयाएवढी असते, तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, आणि दिले नाही तरी बहुधा निभावते. परंतु यंत्र जसजसे लहान होत जाते तसतशी चकतीची मिजास वाढते. तीन मिलिमीटरच्या स्क्रूची, म्हणजे कारखान्यात ज्याला ‘एम ३’ म्हणतात त्याची, नेहमीची चकती ७ मिलिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड. दोन मिलिमीटरच्या स्क्रूची ५ रुंद आणि ०.३ जाड. ही तर बोटांनी उचलतासुद्धा येत नाही. चिमटा लागतो, आणि टेबलावरून उडाली की गेलीच.

माझ्या भाच्याचा दादऱ्यात सोनारांचे इलेक्ट्रॉनिक काटे जोडण्याचा लहानसा कारखाना आहे. करसवलतींमुळे त्या भागात एके काळी पुष्कळ कारखाने आले, त्यांच्या मागोमाग अशी लहान कामे करणारेही आले. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. “मामा, जमलं तर दोन दिवस या. काटे खोटं बोलायला लागलेत.” माझे सारे आयुष्य मोजमापाच्या हत्यारांत गेले. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पिशवीत घालून मी गेलो.

सोनाराचा काटा खोटे बोलतो म्हणजे किती, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या आज्यांच्या हिशेबात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तोळा म्हणजे ११.६६४ ग्रॅम, तेव्हा गुंज भरते ०.१२ ग्रॅमच्या आसपास. जुना सोनार काचेच्या पेटीत ताजवा ठेवून गुंजेशी गुंज लावीत असे आणि पारडे थरथरू नये म्हणून पंखा बंद करावयास सांगे. आजचा काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा दाखवतो, आणि आकडा दिसला की गिऱ्हाईक गप्प बसते. हीच खरी अडचण. ताजव्यात शंका घेता येत असे. आकड्याशी कोण भांडणार? पुतळ्यांची माळ मोडावयास आलेली बाई त्या हिरव्या अंकांकडे पाहते आणि मान हलवते.

तक्रार एका सोनारानेच केली होती. सोनाराने कान टोचले म्हणतात ते असे. त्याने तोच दागिना पारड्याच्या मध्यावर ठेवला, मग डाव्या कडेला, मग उजव्या कडेला, आणि तीन वेगळी वजने लिहून पाठवली. मी २०० ग्रॅमचे प्रमाणित वजन घेऊन तीच परीक्षा केली. ६०० ग्रॅमचा काटा असला तर कडेची परीक्षा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने करावी असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. काही काटे उत्तम निघाले. काहींत मध्य आणि कड यांच्यात दशमांश ग्रॅमचा फरक, म्हणजे जवळजवळ एक गुंज. नवलाची गोष्ट ही की सर्व काटे एकाच नकाशाबरहुकूम, एकाच टेबलावर जोडलेले.

या काट्याच्या पोटात ताजवा नसतो. बोटाएवढी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. एक टोक तळाला पक्के, दुसऱ्या टोकावर पारडे. मधला भाग कोरून पातळ केलेला, आणि त्यावर बारीक तारेच्या जाळ्या चिकटवलेल्या. वजन ठेवले की पट्टी केसाएवढीही वाकत नाही, पण तेवढ्यानेही तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्याचे वजन होऊन समोर दिसते. ही युक्ती १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांना स्वतंत्रपणे सुचली. पट्टीला वाकावयास जागा हवी, म्हणून तळ आणि पट्टी यांच्यामध्ये प्रत्येक स्क्रूवर एकेक चकती. प्रत्येक टोकाला दोन स्क्रू, त्यांच्या केंद्रांतले अंतर साडेसहा मिलिमीटर.

वाचकांपैकी हिशेबी मंडळींच्या लक्षात आले असेल. साडेसहा मिलिमीटर अंतरावर ७ मिलिमीटरच्या दोन चकत्या शेजारी शेजारी मावणार कशा? एक दुसरीवर चढणार. मग पट्टी सपाट बैठकीवर न बसता एका कडेवर टेकते. स्क्रू आवळला की ती बसल्यासारखी वाटते, आणि वजन डावीकडे-उजवीकडे सरकले की कलते.

पण मग काही काटे चांगले कसे निघाले? येथे खरी मौज आहे. ७ मिलिमीटर ही प्रमाणाने ठरवलेली कमाल रुंदी होय. किमान ६.६४ पर्यंत चालते. भोक ३.२ चे, स्क्रू ३ चा, म्हणजे प्रत्येक चकतीला थोडी सरकावयास जागा. दोन्ही चकत्या एकमेकींपासून दूर लोटल्या तर एकूण ०.२ मिलिमीटर मिळतात, साडेसहाचे ६.७ होतात. आरंभीचा माल ६.६५ ते ६.७ चा होता, तो जेमतेम मावत होता. नंतरच्या पोत्यातल्या चकत्या मी मोजल्या, त्या ६.९ च्या वर. दोन्ही माल प्रमाणाला धरून. दुकानदाराला बोल लावावयास जागा नाही, आणि तपासनीसाला तर मुळीच नाही.

हे सारे मी गणिताने काढले. परंतु टेबलावर चिमटा घेऊन बसणाऱ्या एका वारली बाईंना ते माझ्याआधी महिनाभर ठाऊक होते. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “बाबा, जुन्या चकत्या मी चिमट्यानं दूर सारायची नि मग आवळायची. या नव्या सरत नाहीत. एक दुसरीच्या डोक्यावर चढते.” त्यांनी ते मुकादमाला सांगितलेही होते. त्याचे उत्तर : “आवळा, बसेल.” भाचा हे ऐकत उभा होता. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

उपाय साधा होता. त्याच स्क्रूसाठी लहान मालिकेची चकती मिळते. भोक तेच ३.२, जाडी तीच अर्धा मिलिमीटर, रुंदी मात्र कमाल ६. साडेसहाच्या अंतरात दोन चकत्या बसून मध्ये अर्धा मिलिमीटर मोकळा राहतो. भाच्याने रास्त शंका काढली : “मामा, पण बैठक कमी होईल ना?” होते खरी. मोठ्या चकतीची बैठक सुमारे ३० चौरस मिलिमीटर, लहानीची २०. आता हा एवढासा स्क्रू एक न्यूटन-मीटर जोराने आवळला तर साधारण घर्षण धरून सुमारे १७० किलोंची पकड देतो. ती २० चौरस मिलिमीटरवर पसरली तर दर चौरस मिलिमीटरला साडेआठ किलोच्या आत. चांगले मिश्र अ‍ॅल्युमिनियम याच्या तिप्पट सहज सोसते. एकतृतीयांश बैठक गेली, पण जी उरली ती खरी बैठक होती.

नायलॉनची चकती घालावी, ती मऊ असते, आपोआप बसेल, अशी सूचना मुकादमाने केली. ती मी मानली नाही. नायलॉन दाबाखाली हळूहळू पसरते. आज आवळलेला स्क्रू चार महिन्यांनी सैल. पितळ चालले असते. परंतु दादऱ्याचा पावसाळा कसा असतो हे ज्याने पाहिले आहे तो गंज न धरणारे पोलादच घेईल. ‘स्प्रिंग वायसर’ घातला की स्क्रू कधी सुटत नाही, ही समजूतही आपल्याकडे फार पक्की आहे. युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की आडव्या हादऱ्याने स्क्रू सुटतो, आणि ते अडवावयाचे तर मुख्य भिस्त पुरेशा पकडीवर. शिवाय तोडलेल्या टोकाचा तो वायसर मऊ पट्टीला ओरखडतो ते निराळेच.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने करावयास लावली. चकती पंचाने तोडतात, तेव्हा तिच्या कडेला एका बाजूस बारीक धार राहते. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. ही धार पट्टीकडे गेली की अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पकड ढिली होते. त्या बाईंनी दहा मिनिटांत नखाने बाजू ओळखण्याचा सराव केला. मला चष्मा लावूनही त्यांच्याइतके झटपट जमले नाही.

वापीच्या दुकानदाराकडे ७ च्या चकत्यांची पोती होती. ६ ची मागवावी लागते, आठवडा जातो, दरही चढा. हा खर्च किरकोळच. मोठा प्रश्न पुढे होता. जे काटे विकले गेले त्यांचे काय? काटा म्हणजे पंखा नव्हे, की उघडला आणि दुरुस्त केला. वैधमापन खात्याची त्यावर मोहोर असते. मोहोर तोडून दुरुस्ती केली की पुन्हा तपासणी, पुन्हा मोहोर. दरसालची तपासणी येईल तेव्हा पाहू, असे म्हणता आले असते, आणि तसे म्हणणारे पुष्कळ आहेत. तोवर किती बायकांच्या पाटल्या किती गुंजा हलक्या भरतील याचा हिशेब कोणी मांडत नाही. किंवा जड भरतील; मग सोनार बुडेल. काटा कोणाच्या बाजूने खोटे बोलेल हे दागिना कोणत्या कडेला ठेवला यावर ठरते.

भाच्याने रात्री वही काढली. नव्या पोत्याची पहिली चकती कोणत्या दिवशी वापरली हे मुकादमाला आठवेना. त्या बाईंना आठवले, कारण त्याच दिवशी त्यांच्या मुलीचे शाळेत नाव घातले होते. त्या तारखेपासून पुढचा प्रत्येक काटा परत मागवण्याची पत्रे दुसऱ्या दिवशी गेली.

बहुतेक काटे आले. डहाणूकडच्या एका सोनाराने मात्र दसऱ्याच्या आठवड्यात काटा देण्याचे साफ नाकारले. त्याचे म्हणणे, काटा नेला तर दुकान बंद ठेवावे लागेल. त्याला नव्या चकतीचा, ताज्या मोहोरेचा काटा आधी पोचता करावा आणि मग जुना उचलावा, असे ठरले. तो काटा जोडावयास त्या बाई रविवारी मुद्दाम आल्या होत्या.