नावं ज्याच्याकडे, बाजार त्याचा : क्रीडा व्हिडिओ गेमविषयीचे पाच गैरसमज

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा गॅलरीत जमतात. वर्ल्ड कप आला की गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. अशा कोल्हापुरात फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये ‘फिफा भारी की पेस?’ हा वादही पोरांनी वर्षानुवर्षं तितक्याच ईर्ष्येनं घातला. आज तो वाद थंडावला आहे, कारण निवडायला फारसं काही उरलेलं नाही. हे कसं झालं, याबद्दल मात्र भलतेच समज रूढ आहेत.

गैरसमज 1 : फिफा गेम बंद पडला.

वस्तुस्थिती : बदललं ते फक्त नाव. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ईए ही अमेरिकन कंपनी 1993 पासून हा गेम काढत होती. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेशी तिचा करार संपला आणि ‘फिफा 23’ हा त्या नावाचा शेवटचा गेम ठरला. 2023 मध्ये तोच गेम ‘ईए स्पोर्ट्स एफसी 24’ म्हणून आला. खेळाडू आणि क्लब जागेवरच राहिले, कारण त्यांचे हक्क फिफाकडे नव्हतेच. ते खेळाडूंची संघटना फिफप्रो, प्रीमियर लीग, ला लिगा, युएफा यांच्याकडून वेगवेगळ्या करारांनी घेतलेले असतात.

गैरसमज 2 : ज्याचा गेम सरस, तोच टिकतो.

वस्तुस्थिती : जपानच्या कोनामीच्या ‘पेस’चा खेळ अनेकांना जास्त खरा वाटायचा. पण हक्क नसल्यानं त्यात चेल्सीचं नाव ‘लंडन एफसी’ आणि मँचेस्टर सिटीचं ‘मॅन ब्लू’ असायचं. खरी नावं, लोगो आणि जर्सी भरायला चाहत्यांनी बनवलेली ‘ऑप्शन फाइल’ डाउनलोड करून टाकावी लागायची. 2018 मध्ये चॅम्पियन्स लीगचे हक्कही कोनामीकडून ईएकडे गेले. कोनामीनंही हाच डाव टाकला. तिनं युव्हेंटसशी एकहाती करार केल्यावर ‘फिफा 20’ मध्ये त्या क्लबला ‘पिएमोंते काल्चो’ म्हणावं लागलं. कोनामीच्या स्वतःच्या चुकाही होत्या. ‘पेस’च्या जागी आलेला 2021 चा मोफत ‘ईफुटबॉल’ इतका कच्चा निघाला की कंपनीला माफी मागावी लागली. तरीही नव्या कंपनीला सगळ्यात जड जाते ती नावांची खरेदी. उत्तम प्रोग्रॅमर मिळतील, पण हजारो खेळाडूंचे हक्क परवडणाऱ्या कंपन्या थोड्याच.

गैरसमज 3 : एकच कंपनी राहिली तर गिऱ्हाइकाचं काय बिघडतं?

वस्तुस्थिती : अमेरिकन फुटबॉलचं उदाहरण बोलकं आहे. 2004 मध्ये ‘ईएसपीएन एनएफएल 2के5’ हा गेम केवळ 19.99 डॉलरला बाजारात आला. तेव्हा 50 डॉलरच्या घरातल्या ईएच्या ‘मॅडन’ला किंमत 30 डॉलरपर्यंत खाली आणावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ईएनं एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगशी एकहाती करार केला. स्पर्धक बाहेर गेला आणि ‘मॅडन’ची किंमत पुन्हा वर चढली. ग्राहक कोर्टात गेले. 2012 मध्ये ईएनं दोष मान्य न करता 2.7 कोटी डॉलरची तडजोड केली.

गैरसमज 4 : बाजारात एकाचंच वर्चस्व असणं बेकायदा आहे.

वस्तुस्थिती : आपल्या स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 4 नुसार वर्चस्व असणं बेकायदा नाही, वर्चस्वाचा गैरवापर बेकायदा आहे. बीसीसीआयनं आयपीएलच्या प्रसारण करारात दुसऱ्या स्पर्धक लीगला मान्यता न देण्याची हमी दिली होती. त्यावरून स्पर्धा आयोगानं 2013 मध्ये आणि फेरतपासणीनंतर 2017 मध्ये पुन्हा 52.24 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. गेमच्या बाजारातही कंपनी किती मोठी आहे एवढंच पाहून भागत नाही. करारानं दुसऱ्याची वाट अडवली का, हे तपासावं लागतं.

गैरसमज 5 : असे गेम करणं आपल्याकडच्यांना जमणार नाही.

वस्तुस्थिती : ईएनं ‘क्रिकेट 07’ नंतर क्रिकेटचा गेमच काढला नाही. कॉम्प्युटर आणि कन्सोलवरची ती जागा पुढं ऑस्ट्रेलियाच्या बिग अँट स्टुडिओजनं घेतली. मोबाइलवर मात्र आपली माणसं पुढं आली. ‘रिअल क्रिकेट’ पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचा आणि ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा. पण इथंही लहान कंपन्या मोठ्यांकडे जात आहेत. नेक्स्टवेव्हमधला मोठा हिस्सा मुंबईच्या नझारानं घेतला, तर 2025 मध्ये नॉटिलसचा ताबा दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनकडे गेला. म्हणजे दार उघडं आहे, पण आत शिरलेल्याला स्वतंत्र राहणं अवघड आहे.

या सगळ्यात कोल्हापूरनं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बाजाराची किल्ली गेम बनवणाऱ्यापेक्षा नावांच्या मालकाकडे असते. आपला अनिकेत जाधव ज्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळला, ती लीग ‘फिफा 22’ मध्ये आली. उद्या पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या संघांच्या जर्सी घालून खेळायचा गेम करायला कुणी पुढं आलं, तर तालमींनी आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं (केएसए) त्याला जरूर हात द्यावा. मात्र हक्क ठरावीक वर्षांपुरतेच द्यावेत आणि कुणा एकालाच देऊ नयेत. इथल्याच एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरापोरींनी पुढं याहून चांगला गेम बनवला, तर आपल्याच पेठेचं नाव वापरायला त्यांना कुणाची आडकाठी होता कामा नये.