कुशारे, सर्वेश अनिल

कुशारे, सर्वेश अनिल : (१७ जून १९९५ – ). भारतीय उंच उडीपटू. जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय. नाशिक जिल्ह्यातील देवरगावच्या एका शेतकरी कुटुंबातून ते पुढे आले.

अमेरिकन खेळाडू डिक फॉसबरी याने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २·२४ मी. उडी मारून सुवर्णपदक मिळविले, तेव्हापासून आडव्या दांडीवरून पाठमोरे जाण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत खेळाडू वक्राकार धाव घेऊन एका पायावर उसळी घेतो व पाठीची कमान करून दांडी ओलांडतो. कमानीमुळे शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या फारसा वर न्यावा लागत नाही. मात्र खेळाडू खांद्यांवर व पाठीवर पडत असल्याने जाड, मऊ गादीवाचून या पद्धतीचा सराव धोक्याचा ठरतो. ग्रामीण भागात नेमकी हीच अडचण असते. कुशारे यांनी प्रारंभी क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली मक्याचा भुसा वगैरे भरून तयार केलेल्या गादीवर सराव केला. पुढे ते भारतीय सैन्यात दाखल झाले आणि त्यांना पुण्यातील सैनिकी क्रीडा संस्थेत शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची सोय लाभली.

त्यांची प्रगती सेंटिमीटरा-सेंटिमीटराने झाली. २०१९ च्या काठमांडू येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०२२ मध्ये गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत त्यांनी २·२७ मी. उडी मारली. २०२३ मध्ये बँकॉक येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २·२६ मी. उडीने त्यांना रौप्यपदक मिळाले. परंतु त्याच वर्षी हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत तेवढीच उंची गाठूनही त्यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांना २·१५ मी. च्या पलीकडे जाता आले नाही व प्राथमिक फेरीतच त्यांचे आव्हान संपुष्टात आले.

या अपयशानंतर सुमारे वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, टोकिओ येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी २·२८ मी. उंची पार करून सहावा क्रमांक मिळविला. न्यूझीलंडच्या हेमिश केर याने २·३६ मी. उडीने ही स्पर्धा जिंकली. तेजस्विन शंकर याने २०१८ मध्ये केलेल्या २·२९ मी. या राष्ट्रीय विक्रमापेक्षा कुशारे यांची ही उडी केवळ एका सेंमी. ने कमी होती. वैयक्तिक उच्चांक सुधारण्यास त्यांना तीन वर्षे लागली आणि तो अवघ्या एका सेंमी. ने सुधारला, परंतु तेवढ्यानेच ते जगातील पहिल्या सहा खेळाडूंत जाऊन बसले.